अण्णांचं अंगुस्तान

आमच्या अण्णांचं एक अंगुस्तान होतं. पितळी, दोन्ही तोंडं उघडी, जाड अंगठीसारखं. ज्यांच्या घरात शिलाई आहे त्यांना ते काय असतं हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. जाड कापडातून सुई रेटताना तिचं बूड बोटात घुसू नये म्हणून शिंपी मधल्या बोटात जे घालतो, ते अंगुस्तान. त्याच्या अंगावर बारीक बारीक खळगे असतात. सुईचं बूड खळग्यात बसतं, घसरत नाही. फारसीत बोटाला अंगुश्त म्हणतात, तिथून हा शब्द आला. आमच्या माणदेशात येईपर्यंत त्याचं आंगस्तान झालं होतं. दिवसातून एकदा तरी अण्णा ओरडायचे, "आगं, माजं आंगस्तान कुटं ठिवलंस?" आणि चुलीपुढून आई म्हणायची, "बोटात बगा की."

बहुतेक वेळा ते बोटातच असायचं.

१९७२ साली बेंदूर झाल्यावर चार-आठ दिवसांनी अण्णांनी असंच विचारलं. आईनं नेहमीचं उत्तर दिलं. पण त्या दिवशी ते बोटात नव्हतं.

आमचं घर शिंप्याचं, नामदेवांचं नाव सांगणारं. पंढरपूरला गेलं की आधी नामदेव पायरीशी डोकं टेकायचं, मग पुढं. अशाच एका वारीत आज्यानं ते अंगुस्तान घेतलं होतं म्हणे. आज्याचं बोट जाड, अण्णांचं बारीक. आजा गेल्यावर अण्णांनी ते गावातल्या सोनाराकडून कापून घेतलं, एक बारीक पट्टी काढली आणि पुन्हा झाळून घेतलं. त्यामुळं त्याच्या अंगावर एक उभी रेघ होती. खळग्यांच्या ओळी त्या रेघेपाशी येऊन तुटायच्या आणि पलीकडं जरा खालून सुरू व्हायच्या. मशीन होतीच घरात, पण काज, तुरपई, बंडीची गळपट्टी, कोपरीचे बंद हे सगळं हातानंच व्हायचं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. बेंदूर आला तरी रानात ढेकूळ फुटलेलं नव्हतं. नवं कापड कोण घेणार? मशीन आठ-आठ दिवस झाकलेली असायची आणि अंगुस्तान तिच्या पाटावर पडलेलं असायचं. मी नऊ वर्षांचा. बेंदराला ओढ्यातली चिकणमाती आणून मी दोन बैल केले. पोरांनी आपापल्या बैलांच्या गळ्यात रंगीत दोऱ्याचे चाळ घातले होते. मला पितळेचा चाळ पाहिजे होता. पाटावरचं अंगुस्तान घेतलं, ओल्या मातीच्या मानेवर दाबून बसवलं, वरून पुन्हा माती सारवली. बैल झकास दिसायला लागला. पूजा झाली. गूळ-पाण्याचा नैवेद्य झाला. दोन-तीन दिवसांत बैल वाळले, तडकले, मोडले, आणि आईनं झाडलोटीबरोबर तुकडे गोळा करून उकिरड्यावर टाकले.

अण्णांनी विचारलं तेव्हा मला सगळं एकदम आठवलं.

"झाडताना लोटलं आसशील तूच," अण्णा आईला म्हणाले. आई काही बोलली नाही. पदर खोचून उकिरड्यावर गेली आणि दिवस मावळेपर्यंत दोन्ही हातांनी राख, शेण, केर चिवडत बसली. मी तिच्याशेजारी उभा होतो. "बैलाच्या गळ्यात हुतं," एवढंच सांगायचं होतं. मातीची ढेकळं फोडून बघितली असती तर कदाचित सापडलंही असतं. मी सांगितलं नाही. अण्णा त्या वर्षी फार तापट झाले होते, मार बसला असता. पुढं मार बसायचं वय गेलं, तरी सांगितलं नाही. आईवर तो बोल कायमचा राहिला. घरात काही हरवलं की अण्णा म्हणायचे, "आंगस्तानावानी उकिरड्यात बग."

काही दिवस अण्णांनी बोटाला कातड्याची पट्टी गुंडाळून काम केलं. मग दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. वर्षभरानं परत आले तेव्हा बोटं सुजून राठ झाली होती. म्हसवडच्या बाजारातून पत्र्याचं एक अंगुस्तान आणलं, पण ते बोटात बसेना. बारीक हातशिलाई त्यांनी नंतर फारशी केलीच नाही.

मी शिकलो, मास्तर झालो, शिलाईपासून लांब गेलो. हे सगळं जवळजवळ विसरलोही असतो. पण निवृत्त झाल्यावर लेकीकडं गेलो आणि भलत्याच ठिकाणी ते पुन्हा पुढं आलं.

लेक आणि जावई इंग्लंडात, सफोक नावाच्या परगण्यात राहतात. सपाट मुलूख, मैलच्या मैल गव्हाची आणि बीटाची रानं. शेजारी एक म्हातारबुवा. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवलेले. त्यांना छंद एकच: पिकं निघाली की कानाला हेडफोन लावून, हातात मेटल डिटेक्टर घेऊन रान पालथं घालायचं. लांब दांडा, टोकाला ताटलीसारखं चाक, जमिनीच्या वर चार बोटं ठेवून ते डावी-उजवीकडं फिरवत चालायचं. लोखंड आलं की घोगरा आवाज, तांबं-पितळ-चांदी आली की बारीक, खणखणीत. मला वाटलं हे गुप्तधन शोधतात. आपल्याकडं अमावास्येला नारळ-लिंबू घेऊन खणणारे असतात, तसलं काही. पण तसं नव्हतं. ज्याचं रान त्याची आधी परवानगी, संरक्षित जागी पाऊलसुद्धा टाकायचं नाही, आणि जे निघेल ते परगण्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला दाखवायचं. १९९६ साली तिथं नवा कायदा झाला. नाणी सोडून इतर वस्तू ३०० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्यात निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असेल, तर ती सरकारला कळवावीच लागते. बाकी किडूकमिडूक वस्तूंची आपखुशीनं नोंद करायची सोय १९९७ पासून आहे.

एका संध्याकाळी त्यांनी मला आपली पेटी दाखवली. मला वाटलं नाणी असतील. होती थोडी. पण एक आख्खा खण शिवणाच्या वस्तूंचा होता. टाचण्या, बटणं, हूक, मोडकी कातर, आणि कापसावर ओळीनं मांडलेली अंगुस्तानं. पंचवीस-तीस तरी. मी बघतच राहिलो.

"तुम्हाला यातलं कळतं?" त्यांनी विचारलं.

"शिंप्याचा मुलगा आहे," मी म्हणालो. शाळेत नोकरीला लागल्यापासून हे वाक्य मी आपणहून कुणाला बोललो नव्हतो.

मग त्यांनी मला एकेक अंगुस्तान हातात देऊन शिकवलं. त्यांचं म्हणणं असं: विहिरीत किंवा जुन्या वाड्याच्या पायात खणलं तर थर असतात. खालचा जुना, वरचा नवा. वस्तू कुठल्या थरात निघाली यावरून तिचा काळ सांगता येतो. पण नांगरटीच्या रानात थर राहतच नाहीत. शेकडो वर्षं फाळ माती खालवर करतो, त्यामुळं रोमन नाणं आणि परवाचं बाटलीचं बूच एकाच ढेकळात निघतं. तिथं वस्तूनं स्वतःच आपलं वय सांगायला पाहिजे. अंगुस्तान ते सांगतं, फक्त बघायचं कुठं ते ठाऊक पाहिजे.

बघायचं खळग्यांकडं.

इंग्लंडच्या मातीत खात्रीची धातूची अंगुस्तानं चौदाव्या शतकापासूनची सापडतात. त्याआधी लोक कातडं वापरत असावेत. अण्णांनी बोटाला गुंडाळली तशीच पट्टी. पूर्वी एखादं जुनाट अंगुस्तान निघालं की लोक खुशाल रोमन म्हणून सांगायचे. नंतर तपासल्यावर त्यातली पुष्कळशी मध्ययुगातली निघाली. ही सगळ्यांत जुनी अंगुस्तानं बुटकी, गोल टोपीसारखी आणि जाड असतात. खळगे हातानं एकेक ठोकलेले, त्यामुळं वेडेवाकडे. एक खोल, एक उथळ. काहींच्या डोक्यावर मधोमध खळगेच नसतात, बैराग्याच्या टाळूसारखी गुळगुळीत जागा.

त्यानंतर सोळाव्या-सतराव्या शतकातली. तेव्हा जर्मनीतलं न्यूरेंबर्ग हे शहर पितळी अंगुस्तानांसाठी नावाजलेलं होतं. तिथं अंगुस्तानं करणाऱ्यांची वेगळी कारागीर-संघटनाच होती. ही अंगुस्तानं जरा उंच होत गेली. खळगे काठापासून सुरू होऊन जिलबीसारखे फिरत फिरत डोक्यापर्यंत जातात, आणि ती रांग जिथं सुरू होते तिथं काही वेळा करणाऱ्याची चिमुकली खूण असते. एखादं पान, एखादा तारा. भिंगाशिवाय दिसत नाही.

मग एक हॉलंडचा माणूस आला, जॉन लॉफ्टिंग. हा मूळचा खटपट्या. आग विझवायच्या बंबाचं पेटंट त्याच्या नावावर होतं. १६९३ च्या सुमाराला त्यानं लंडनजवळ इस्लिंग्टनला अंगुस्तानांचा कारखाना काढला, आणि नंतर ग्रेट मार्लो इथं पाणचक्कीवर काम सुरू केलं. हाताऐवजी यंत्र खळगे पाडायला लागलं. तिथून पुढं खळगे एकसारखे, ओळीत, शिस्तीत. म्हणजे वेडेवाकडे खळगे दिसले तर हाताचं काम आणि बहुधा जुनं. कवायतीसारखे दिसले तर यंत्राचं आणि अलीकडचं.

एकोणिसाव्या शतकात पातळ पत्रा दाबून अंगुस्तानं व्हायला लागली. ती हलकी, काठ बाहेरून वळवलेला, आणि पुष्कळांवर मापाचा आकडा. चांदीची घेणाऱ्यांची एक अडचण असायची. चांदी मऊ, सुई आरपार जायची. १८८४ साली हॅलिफॅक्स गावच्या चार्ल्स हॉर्नरनं पेटंट घेतलं: मधे पोलाद, आतून-बाहेरून चांदी. 'डॉर्कस' नावानं ती विकली गेली. असलं अंगुस्तान रानात निघालं तर ते १८८४ च्या आधीचं नाही हे डोळे झाकून सांगता येतं.

बाकीच्या वस्तूंच्याही खुणा त्यांनी सांगितल्या. टाचणीचं डोकं बघायचं. तारेला तारेचेच दोन वेढे देऊन डोकं केलेलं असेल तर ती साधारण १८३० च्या आधीची. डोकं आणि अंग एकसंध असलेल्या टाचणीच्या यंत्राचं पेटंट १८२४ सालचं. पुढं काही वर्षांत वेढ्याच्या टाचण्या मागं पडल्या. टिचबटण सापडलं तर ते १८८५ नंतरचं, कारण त्याचं पेटंटच जर्मनीत त्या वर्षी झालं. सेफ्टी पिन अमेरिकेत वॉल्टर हंटनं १८४९ मध्ये केली. आणि पितळेचं चार भोकांचं विजारीचं बटण निघालं तर त्याच्या कडेला नीट बघायचं. तिथल्या शिंप्यांची आपलं आणि गावाचं नाव बटणावर ठोकून घ्यायची रीत होती. तसली आठ-दहा बटणं त्यांच्याकडं होती. विजार कुजून गेली, घालणारा गेला, शिवणारा गेला, आणि शिंप्याचं नाव रानात राहिलं. मी ती बटणं बराच वेळ बघत होतो. अण्णांनी आयुष्यात किती बंड्या शिवल्या असतील. एकीवरही त्यांचं नाव नव्हतं.

सुई मात्र त्या पेटीत एकही नव्हती. मी विचारलं. ते म्हणाले, सुई लोखंडाची, पोलादाची. ओल्या रानात गंजून मातीत मिसळते. खरं तर सुयांच्या धंद्यात इंग्लंड जगात पुढं होतं. वूस्टरशायरमधलं रेडिच हे गाव एकोणिसाव्या शतकात साऱ्या जगाला सुया पुरवायचं. मला आठवलं, आमच्या कपाटात आज्याच्या वेळची काळ्या कागदाची एक रिकामी पुडी होती, तिच्यावर हेच नाव होतं. इतक्या सुया केल्या, पण मातीनं त्या ठेवल्या नाहीत. तांबं-पितळ मात्र हिरवं पडून टिकतं. नुसतं टिकत नाही, जवळच्या वस्तूलाही टिकवतं. आपल्या नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्यात ओवले होते तो धागा तांब्याच्या क्षारांमुळं तीन हजारांहून जास्त वर्षं राहिला. सूत इतकी वर्षं कशानं टिकावं? तांब्याच्या संगतीनं.

आता माझी पाळी आली. त्यांच्या ओळीत एक अंगुस्तान बाजूला ठेवलेलं होतं. दोन्ही तोंडं उघडी. "हे असं बिनडोक्याचं का करायचे, ते मला नीट समजलेलं नाही," ते म्हणाले. "डोकं नसलं तर बोटाच्या टोकाला सुई टोचणार नाही का?"

मी ते मधल्या बोटात घातलं. थंडगार होतं. बोट दुमडलं आणि टेबलावरच्या रुमालाची कड धरून दाखवली. घरातली बाई कधीमधी शिवते, ती बोटाच्या टोकानं सुई ढकलते. तिला टोपीचं अंगुस्तान बरं पडतं. शिंपी दिवसभर शिवतो. तो टोकानं ढकलत नाही, बोट वाकवून नखाच्या बाजूनं रेटतो. टोक त्याला मोकळं लागतं, कारण त्या टोकानं तो कापड चाचपत असतो. कड दुमडली की नाही, टाका खालच्या पदरात गेला की नाही, हे त्याला डोळ्यांआधी बोट सांगतं. शिवाय उन्हाळ्यात बोटाला घाम येतो. वरून उघडं असलं की वारा लागतो. मग मी ते काढून खिडकीच्या उजेडात धरलं. एका बाजूचे खळगे नव्यासारखे होते. दुसऱ्या बाजूचे झिजून सपाट झाले होते, आणि तिथंच एक बारीक भोक आरपार पडलं होतं.

"हे हरवलेलं नसणार," मी म्हणालो. "टाकून दिलेलं असणार. भोक पडलं की ते कामाचं राहत नाही."

म्हातारबुवांनी ते माझ्या हातातून घेतलं, स्वतःच्या बोटात घालून बघितलं. मग वही काढली आणि त्या अंगुस्तानापुढं 'शिंप्याचं' असं लिहिलं.

पेटीतलं सगळ्यांत लहान अंगुस्तान माझ्या करंगळीच्या टोकावरसुद्धा बसत नव्हतं. ते सहा-सात वर्षांच्या मुलीचं. १८६२ पासून तिथल्या सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळांत मुलींना शिवण शिकवणं सक्तीचं होतं. त्या पोरीनंही ते हरवल्यावर घरी काय सांगितलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मग मी जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा सगळा लेख लिहितो आहे. मी विचारलं, "शिवण तर घरात व्हायचं. मग ही अंगुस्तानं रानात कशी आली? नांगर धरताना कुणी शिवत बसत नाही."

ते हसले. "खतातून," म्हणाले.

गावातल्या घरांचा केर, राख, मैला, गोठ्यातलं शेण हे सगळं खड्ड्यात साठायचं आणि गाड्या भरून रानात जायचं. शहरांतूनही असलं खत खेड्यांत यायचं. पुढं लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ माल आणि चिंध्यासुद्धा खत म्हणून रानात पसरायचे. म्हणून काही रानांत बटणांचा नुसता पाऊस पडल्यासारखा असतो. बाई घर झाडते, फरशीच्या फटीत गेलेलं अंगुस्तान केराबरोबर निघतं, खड्ड्यात जातं, खड्ड्यातून गाडीत, गाडीतून रानात. तिथं ते वरच्या वीतभर मातीतच राहतं. नांगर त्याला इकडं-तिकडं ढकलतो, पण खोल जाऊ देत नाही.

मी काही बोललो नाही. माझ्यापुढं सफोकचं रान नव्हतं. आमचा उकिरडा होता, आणि त्याच्यावर वाकलेली आई.

कारण आमच्याकडं तरी दुसरं काय व्हायचं? वर्षभर उकिरडा साठायचा आणि उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, गाडी भरून ओढ्याकाठच्या आमच्या दोन एकरांत जायचा. पडक्या गढीची पांढरी मातीसुद्धा लोक खत म्हणून रानात ओढायचे. म्हणून तर आपल्या रानांत खापराचे तुकडे, काचेच्या बांगड्या निघतात. १९७३ च्या उन्हाळ्यात आमचा उकिरडा त्याच रानात पांगला. म्हणजे आईनं ज्या उकिरड्यात शोधलं तो बरोबर होता. अंगुस्तान तिथंच होतं. आणि तिथं नसेल तर ते आज त्या दोन एकरांत कुठंतरी आहे.

निघायच्या आदल्या दिवशी म्हातारबुवांना मी बैलाची गोष्ट सांगितली. त्यांना बेंदूर समजावायला वेळ लागला. ऐकून झाल्यावर त्यांनी मला त्यांच्याच परगण्यातली एक खरी घडलेली हकीकत सांगितली. १९९२ च्या नोव्हेंबरात हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं एरिक लॉज नावाच्या ओळखीच्या माणसाला डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोड्याच्या शोधात लॉज यांना लागलं रोमन काळाच्या शेवटचं सोन्या-चांदीचं पुरलेलं धन, जवळजवळ १५,००० नाणी आणि दागिने, चमचे. थोडं दिसताच त्यांनी उकरणं थांबवलं, अधिकाऱ्यांना कळवलं, आणि पुरातत्त्ववाल्यांनी ते जागच्या जागी नीट काढलं. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

"आणि हातोडा?" मी विचारलं.

"तोही सापडला. तोही म्युझियममध्येच आहे."

गावी आल्यावर मी पुतण्याकडं गेलो. थोरल्या भावाचा हा मुलगा, ते दोन एकर आता तोच करतो. त्याला सगळं सांगितलं. उकिरडा, बैल, आई, सगळं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तात्या, आजीला ह्ये सांगायला पायजे हुतं."

"पाहिजे होतं," मी म्हणालो.

मग त्याच्यातला शेतकरी जागा झाला. "मशीन मिळतं का भाड्यानं? आणू. आपलंच रान हाय."

मी त्याला थांबवलं. आपल्याकडं १८७८ चा कायदा अजून आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू निघाली तर कलेक्टरला कळवावी लागते. अंगुस्तानाची किंमत दहाच्या आतली, त्याची भीती नाही. पण रानात मशीन फिरताना दिसलं की उद्या गावभर होईल की शिंप्याच्या रानात धन आहे, आणि परवा रात्री दुसरंच कुणी खड्डे पाडून जाईल. गढीची माती ज्या रानात पडली आहे तिथं तर नकोच. एका अंगुस्तानापायी खापरांची, मण्यांची नासाडी व्हायची.

"मग सापडायचं कसं?"

"नांगरताना. तणकट वेचताना. पहिल्या वळवाच्या पावसानंतर, माती धुतली की."

"येत्या उन्हाळ्यात डाळिंब लावायचा इचार हाय," तो म्हणाला. "जेसीबी घालून चर काडणार हाय. माती सगळी हलणार बगा." जरा थांबून म्हणाला, "पर मला वळकू कसं यायचं ते? रानात काय, पायपाचं कडं निगतंय, खिळा निगतोय, ट्रॅक्टरचा वायसर निगतोय."

घरात अण्णांची मशीन अजून आहे. तिचं वय सांगणं सोपं आहे. पाट्यावर उजव्या हाताला नंबर ठोकलेला आहे, त्याच्या आधी वाय हे अक्षर. सिंगर कंपनीनं १९०० पासून नंबराआधी अक्षर घालायला सुरुवात केली, आणि वाय हे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं, विसाव्या शतकाच्या विशी-तिशीतलं. म्हणजे मशीन आज्यानं घेतलेली. अंगुस्तानाला नंबर नाही. म्हणून पुतण्यासाठी, आणि चर काढायला जे गडी येतील त्यांच्यासाठी, त्याच्या खुणा इथं लिहून ठेवतो.

ते पिवळं दिसणार नाही. हिरवं किंवा काळपट तपकिरी दिसेल. वायसरासारखं चपटं नसेल. साधारण बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जरा जास्त उंच असेल, एक तोंड किंचित रुंद, एक अरुंद. आत माती घट्ट भरलेली असेल. ती खिळ्यानं उकरू नये, पाण्यात भिजत ठेवून काडीनं काढावी. चिंच लावून घासू नये, राखेनंही नाही. घासलं की वरची हिरवी पुटं जातील आणि त्यांच्याबरोबर खळगेही जातील. नुसतं उन्हाकडं धरावं. बाहेरच्या अंगावर बारीक खळग्यांच्या ओळी दिसतील. एका ठिकाणी उभी रेघ असेल, सोनारानं झाळलेली. ओळी तिथं तुटून पलीकडं जरा खालून सुरू होतील. मग बोट फिरवावं. एका बाजूला खळगे हाताला लागणार नाहीत, तिथं पितळ सपाट झालेलं असेल. भोक मात्र पडलेलं नसेल. ते चांगलं, कामाचं अंगुस्तान होतं.

असं काही निघालं तर बांधावरच्या बाभळीच्या बेचक्यात ठेवावं आणि मला निरोप द्यावा. कितीही वाजता चालेल.